वडिलांच्या अंगाखालचं सूत

माझं काम कापसातला ओलावा मोजण्याचं आहे. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकातून गाडी आत आली की मी हातातल्या यंत्राची सळई कापसात चार ठिकाणी खुपसतो. वर, खाली, मधोमध आणि ताडपत्रीच्या कडेला. चार आकडे चार तऱ्हेचे येतात, त्यांची सरासरी काढतो. आठ आले तर माल चांगला. बारा आले तर गाडीवाला माझ्याकडे असं पाहतो, जसं काही ते पाणी मीच ओतलं आहे. हे काम मला आवडतं, कारण त्यात अंदाजाला जागा नाही.

कापसात पाणी किती, हे मी इतकी वर्षं मोजत आलो. पण कापसाने पाणी घेऊच नये, या खटपटीत आमच्या घरात एक उन्हाळा गेला. तो वाईट उन्हाळा होता असं मी म्हणायला हवं, कारण वडील अंथरुणाला खिळलेले होते. तरी आज मला कोणी विचारलं की मागचं काय परत हवं, तर मी तोच उन्हाळा मागेन.

आमचं गाव वरवट बकालपासून जवळ आहे, खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरींचं पाणीही खारं. घरात तेव्हा आम्ही चौघं होतो. वडील, मी, माझी बायको आणि वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या. आत्याचं लग्नानंतर थोड्याच दिवसांत कुंकू पुसलं गेलं, तेव्हापासून ती आमच्याकडे. आम्हाला एकच मुलगी. ती दक्षिणेकडच्या एका गिरण्यांच्या गावात, कापडाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. सुती कापडावर अशी काही प्रक्रिया करायची की कापड दिसायला तेच राहावं, हाताला तेच लागावं, पण त्याच्यात एखादा नवा गुण यावा. चुणी पडू नये, घामाचा वास धरू नये, डास बसू नये. तिचं काम हे.

वडिलांना हे पटत नसे. धडधाकट होते तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "पोरगी तिकडं करते तरी काय?"

"कापडाच्या अंगावर एक थर चढवते, बा."

"रंगाचा?"

"रंगाचा नाही. तो दिसत नाही."

"दिसत नाही तं पगार कायचा देतात तिले?"

होळीच्या सुमारास वडील न्हाणीच्या उंबऱ्यावर पडले. खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं, सळई बसली, पण ते पुन्हा पायावर उभे राहिले नाहीत. सगळं अंथरुणातच करावं लागे. दवाखान्यातून सुटताना आम्हाला सांगितलं, गादीवर रबरी कापड टाका, नाहीतर गादी सडेल. मेडिकलमध्ये ते लाल कापड मीटरवर मिळतं. मी पलंगाची रुंदी मोजून, दोन्ही बाजूंना खोचायला वीत वीत जास्त धरून आणलं. त्यावर चादर.

ऊन तापायला लागलं तसं ते रबर तापायला लागलं. आमच्याकडे, घाटाखाली, एप्रिलच्या शेवटी पारा चव्वेचाळीसच्या वर जातो. कूलर एका बाजूने वारा मारी, पण पाठीखाली वारा कसा जाणार. घाम तिथेच साचे. वरची चादर ओली होऊन सरके, तिच्या घड्या पडत आणि त्या घड्या पाठीत रुतत. हवेची गादीही आणून पाहिली. लाइट गेली की ती बसे, आणि शिवाय तीही प्लास्टिकचीच.

"मले या टायरवर काऊन निजवलं बे?" वडील विचारत. "मी काय पंक्चर हाव?"

"गादी खराब होते, बा."

"गादी खराब झाली तं उन्हात टाकता येते. मले कुठी टाकशीन?"

त्यांच्या कमरेखाली एक लाल चट्टा उठला होता. बायको रोज तो पुसून कोरडा करी, पावडर लावी, दर दोन तासांनी आम्ही त्यांना कुशीवर वळवत असू. चट्टा वाढला तर कातडी फुटते आणि या वयात फुटलेली कातडी भरत नाही, असं आम्हाला बजावलेलं होतं. रबर काढलं तर गादी भिजे आणि ओल्यावर पडून चट्टा वाढे. रबर ठेवलं तर घामाने वाढे. एका दुपारी मी जिनिंगचं यंत्र घरी आणलं. गादी कापसाचीच आहे, मग मोजायला हरकत काय. रबर बाजूला करून, गादीचा टाका थोडा उसवून सळई आत घातली.

वडील कुशीवर होते. मान न वळवता म्हणाले, "किती आला?"

"सोळा."

"मंग तं माल वापस. मले घरी घेऊन जाय."

आम्ही सगळे हसलो. तेही हसले. पण नंतर ते जे बोलले, ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. म्हणाले, "जनमभर सुतात काढला. आता शेवटाले तरी सुतावर निजू दे रे बाबू. दुसरं काही नको मले."

वडील मला बाबू म्हणत, ते फार क्वचित.

सुतात काढला म्हणजे काय, हे मला माहीत होतं. मी लहान असताना कापूस वेचून घरात येई आणि भाव मिळेपर्यंत समोरच्या खोलीत भरलेला असे. खोलीची चौकट अर्धी बुजलेली. आम्ही मुलं वरच्या अर्ध्या दारातून आत शिरायचो. थंडीत वडील त्याच ढिगावर निजत आणि मला कुशीत घेत. अंगाला खाज सुटे, कापसात किडे असत, तरी तशी ऊब मला पुन्हा कुठे मिळाली नाही. कापूस खालून हळूहळू दबत जाई आणि आपण सकाळी खड्ड्यात सापडत असू. आता कापूस शेतातून थेट जिनिंगला जातो. ती खोली आहे, पण तिच्यात मोटारसायकल उभी असते.

रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा मी तिला वडिलांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. तिने आधी चट्टा केवढा आहे ते विचारलं. मग म्हणाली, "पप्पा, पाणी अडवेल पण हवा जाऊ देईल असं सुती कापड होतं. मी करून पाठवू?"

"त्याला प्लास्टिकचा लेप असतो का?"

"नाही. लेप दिला तर छिद्रं बुजतात, मग ते रबरच झालं. मी फक्त दोऱ्याला मेण देणार. दोऱ्यांमधली जागा मोकळीच राहते. पाण्याचा थेंब मोठा, तो वरच थांबतो. घामाची वाफ बारीक, ती निघून जाते."

मला हे लगेच कळलं, कारण तिने ते आकाराच्या भाषेत सांगितलं. आणि मला ती लहान असतानाची एक गोष्ट आठवली. अंगणातल्या बादलीत तिने सरकीसकट कापसाचं बोंड टाकलं होतं आणि ते तरंगत होतं. आंघोळीचा टॉवेल बुडतो, मग कापूस का बुडत नाही, असं तिने मला विचारलं. मला सांगता आलं नाही. पुढे कॉलेजात गेल्यावर तिनेच मला सांगितलं. झाडावरच्या कापसाला स्वतःचं मेण असतं. गिरणीत तो सोड्याच्या पाण्यात उकळतात, तेव्हा मेण जातं आणि मग त्याला पाणी पिता येतं. म्हणाली, "कापसाला तहान आपण लावतो, पप्पा." तेव्हा मला वाटलं होतं, ही आता या घरात राहायची नाही.

तिने कापड करून पाठवलं. पार्सल शेगावहून मी घेऊन आलो. पांढरं शुभ्र, दोन पलंगांना पुरेल एवढं. मी त्यावर पेल्याने पाणी ओतलं, ते गोळा होऊन कडेने घरंगळलं आणि कापड कोरडंच राहिलं. फोनवर मुलीने मला, बायकोला आणि आत्याला, तिघांनाही बजावलं. हे मेणाचं काम कच्चं आहे. पक्कं करणारी रसायनं असतात, पण ती मला आजोबांच्या अंगाखाली नकोत. म्हणून याला सोडा लावायचा नाही, उकळायचं नाही. आत्या मान डोलावत होती.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर ते कापड दोरीवर वाळत होतं. खाली अंगणात चूल, चुलीवर मोठं पातेलं, पातेल्याच्या काठाला सोड्याची पांढरी पुटं. मी कापडावर पाणी शिंपडून पाहिलं. ते सगळं पाणी प्यालं.

"आत्या, काय केलं हे?"

"काय केलं? धुतलं," आत्या म्हणाली. "कोरं कापड जित्या माणसाच्या अंगाखाली घालतात काय? कोरं कवा घालतात हे तुले माहीत नाही? मी जिती असेस्तोवर माह्या भावाखाली कोरं पडणार नाही."

कोरं कापड मेलेल्या माणसावर घालतात. आमच्याकडे नवी साडीसुद्धा बाई आधी पाण्यातून काढते, हळदीचं बोट लावते आणि मग नेसते. आजारी माणसाजवळ तर कोरं नेतच नाहीत. हे मला माहीत होतं, मुलीलाही माहीत असायला हवं होतं. आत्याने तिला दिलेला शब्द मोडला, पण तिच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट राखली.

आतून वडील ओरडले, "काय झालं?"

"तुह्या नातीनं चादरीले मेण लावलं होतं, दादा. म्या काढलं."

"मंग मले वातीवानी पेटवाचं होतं काय तिले?"

रात्रीचं जेवण झाल्यावर मुलीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ती चिडेल असं मला वाटलं होतं. कामाचे तास संपल्यावर थांबून, आपल्या साहेबांना विचारून तिने ते केलं होतं. ती चिडली नाही. म्हणाली, "आत्याआजी, तू नेमकं तेच केलंस जे गिरणीत पहिल्यांदा करतात. कापडाचं मेण काढलंस."

"मंग मी बरोबर होती."

"बरोबर होतीस. पण आता मला सांग, आजोबांच्या अंगाखाली तुला कोणतं कापड चालेल?"

आत्याला विचार करावा लागला नाही. "त्याचंच धोतर. वापरून वापरून मऊ झालेलं. त्याच्याहून चांगलं काय असते?"

"चालेल," मुलगी म्हणाली. "मग मीच येते."

ती आली. वैशाख ऐन भरात होता. शेगावला मी तिला रेल्वेतून उतरवून घेतलं, तेव्हा तिच्या पिशवीत कपडे थोडे आणि बाटल्या, काचेचं मोजपात्र, छोटा काटा असलंच जास्त होतं. वाटेत ती मोटारसायकलवर मागे बसून मोठ्याने बोलत होती, आणि तिचं बोलणं पुस्तकी झालं होतं. आठवडा संपायच्या आत ती पुन्हा "मले, तुले" वर आली. हे मी मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलं होतं.

आल्या आल्या ती वडिलांजवळ बसली. त्यांनी तिचा हात धरला आणि विचारलं, "तुले तिकडं मिळत नाही काय खायाले?"

"मिळतं ना, आजोबा."

"मंग त्याईले सांग, दिसत नाही ते खाऊ घालू नका म्हणा."

तिने सांगितलेली रीत जुनी आणि साधी होती. आधी कापड साबणाच्या कडक पाण्यात भिजवायचं, पिळायचं, मग तुरटीच्या पाण्यात बुडवायचं. साबण आणि तुरटी एकत्र आली की दोऱ्याच्या आतच एक मेणासारखा पदार्थ तयार होतो आणि तो पाण्यात विरघळत नाही. मग हलकं खळबळायचं, सावलीत वाळवायचं, वरून गरम इस्त्री. साबण मात्र खरा हवा. धुण्याची निळी वडी चालत नाही, ती साबण नसते. किराणा दुकानात शोधून, पाकिटावरचं बारीक वाचून मी एक अंगाचा साबण आणला. लिटरला पन्नास ग्रॅम साबण, पन्नास ग्रॅम तुरटी. वजन मी केलं. ते तिने माझ्यावर सोपवलं, याचा मला किती आनंद झाला, हे तिला कळलं नसेल.

तुरटीचा खडा पाहून वडील म्हणाले, "आता दाढी करता काय माही?"

अंगणात पाणी तापलं. साबणाचा कीस त्यात पडला आणि पाणी फाटलं. दूध फाटतं तसं, पांढरे चिकट गोळे वर आले आणि खाली पाणी निवळच राहिलं. मुलगी मोजपात्र हातात घेऊन बघत राहिली.

"अव, हे आपलं पाणी होय," आत्या म्हणाली. "याच्यात साबण विरघळते काय? तू लहान होती तं तुहे केस चिपकत. विसरली?"

मुलगी खरोखरच विसरली होती. तिच्या प्रयोगशाळेत पाणी आधीच मऊ करून नळाला येतं. तिने मला नंतर सांगितलं की खारं पाणी साबणाला काय करतं हे ती तिथे नव्या मुलांना शिकवते, पण आपल्या अंगणात उभं राहून ते तिच्या डोक्यात आलं नाही. ती स्वतःवर हसली. मी हसलो नाही. या पाण्याने तिची आई तिला आंघोळ घालायची आणि ती डोळे चोळत रडायची. ते पाणी तिने विसरावं हे चांगलंच आहे, असं मी मनाला समजावलं, पण मनाने ऐकलं नाही.

गावात पाणी शुद्ध करून विकणारा एक जण आहे. लग्नसराईत त्याचे सगळे जार मांडवांत गेलेले असतात. एका लग्नघरी जाऊन मी अर्धा जार मागून आणला. ते म्हणाले, कोणी पाहुणे आले का. मी म्हणालो, धोतर भिजवायचं आहे. त्यावर त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं बारा ओलावा आलेला गाडीवालासुद्धा पाहत नाही.

त्या पाण्यात साबण विरघळला. वडिलांचं एक जुनं धोतर, किती उन्हाळे धुतलेलं कोण जाणे, मुलीने त्यात दाबलं. आत्या शेजारी पाट घेऊन बसली होती.

"साबण लावला तं धुवाचा नाही?"

"नाही, आत्याआजी. हा धुवायले नाही, बसवायले लावला."

"साबण बसवतात काय कुठी?" असं म्हणत आत्यानेच धोतराचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून ते पिळलं. तुरटीच्या पाण्यात गेल्यावर ते थोडं जड, थोडं गुळगुळीत झालं. वाळल्यावर आत्याने त्यावर हात फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला आणि म्हणाली, "धोतरच हाय."

मुलीने ते वडिलांसमोर दोन हातांत झोळीसारखं धरलं आणि मला त्यात चमच्याने पाणी टाकायला लावलं. थेंब धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानावर पळतात तसे या टोकाहून त्या टोकाला पळाले. वडील बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "पाह्य बरं, माह्या धोतरानं निर्जळी एकादशी धरली."

पण मी मोजल्याशिवाय मानणारा नाही. जेवढं पाणी वरून ओततो तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. माणूस वर निजतो, त्याचा भार असतो. मी पातेल्यावर धोतर ताणून बांधलं, त्यावर ओलं फडकं, फडक्यावर ज्वारीची थैली. काही वेळाने खाली थेंब पडायला लागले. मला वाईट वाटलं. मुलगी मात्र म्हणाली, तिला हेच अपेक्षित होतं. हे रबर नाही. दाबाखाली ते हळूहळू सोडणारच. म्हणून खाली त्याचे दोन पदर घालायचे, वर पाणी पिणारं साधं मऊ फडकं ठेवायचं आणि फडकं ओलं झालं की लगेच बदलायचं. आम्हाला हाताशी थोडा वेळ मिळावा, एवढंच त्या कापडाने करायचं होतं. तो वेळ किती, हेही मी ज्वारीच्या थैलीवर पाहून घेतलं. पुरेसा होता.

दुपारी आम्ही वडिलांना कुशीवर वळवलं आणि लाल रबर ओढून काढलं. चटचट आवाज करत ते पाठीपासून सुटलं. त्याखालची गादी आधीच उन्हात वाळवलेली दुसरी होती. धोतराचे दोन पदर, वर फडकं. मग त्यांना उताणं केलं. हाताचा पंजा उपडा करून त्यांनी कुशीजवळचं कापड चाचपलं. बोटांत धरून चुरगळलं, सोडलं. आणि ते झोपले. इतके दिवस तळमळणारा माणूस आमच्या सगळ्यांच्या देखत झोपला.

कोणी खोलीतून गेलं नाही. बायको भिंतीला टेकून बसली. आत्या पदराने स्वतःलाच वारा घालत होती. मुलगी पलंगाला लागून खाली बसली होती आणि मधूनमधून हात फडक्याखाली घालून ओल लागते का ते बघत होती. कूलरची घरघर चालू होती. मी दारात उभा होतो. मला काही काम नव्हतं आणि मोजायला काही नव्हतं. त्या खोलीत माझी सगळी माणसं होती.

दुसऱ्या दिवशी गादीत सळई घातली, तर आकडा नऊ आला. मी वडिलांना सांगितलं. म्हणाले, "आता भाव चांगला दे."

मुलीची रजा संपली आणि ती गेली. जाताना तिने मला सगळी रीत दोनदा करायला लावली, कारण धुण्यात हा गुण उतरत जातो आणि पुन्हा चढवावा लागतो. मग दर रविवारी माझा तिला फोन होऊ लागला. याआधी आमचं बोलणं, जेवलीस का, पाऊस आहे का, याच्यावर संपत असे. आता मी तिला विचारायचो, इस्त्री किती गरम, तुरटी थोडी जास्त झाली तर कातडीला लागेल का, दुसरं धोतर घेऊ की पहिलंच. ती कॅमेरा चालू करा म्हणायची आणि मी कापडावर पाणी टाकून तिला दाखवायचो. "पप्पा, या कोपऱ्यात कमी बसलंय," ती म्हणायची, आणि खरंच तिथे कमी बसलेलं असे. कधी बोलणं लांबून दुसरीकडे जाई. तिच्या खोलीतल्या मैत्रिणी, तिथला भात, एका मुलाबद्दलही तिने मला आईच्या आधी सांगितलं. माझा एक हात साबणाच्या पाण्यात असे आणि फोन खिडकीत टेकवलेला.

पावसाळा गेला. वडिलांच्या पाठीचा चट्टा फिका पडला आणि तसाच फिका राहिला, फुटला नाही. ते मात्र आतून कमी होत गेले. दिवाळीनंतर, कापसाच्या गाड्या जिनिंगला यायला लागल्या त्या दिवसांत, सकाळी बायको फडकं बदलायला गेली तेव्हा ते गेलेले होते. मुलगी विमानाने आणि पुढे गाडीने आली. ती पोचायच्या आधी सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर धोतराला साबण लावायचं कारण राहिलं नाही. रविवारचे फोन चालू आहेत, पण आखूड झाले आहेत. जेवलीस का, थंडी आहे का. मी विचारायला काहीतरी शोधतो आणि मला सापडत नाही. तिला मी "ये" म्हणत नाही, कारण तिला कामं असतात. एकदा मी विनाकारणच अर्धा लिटर पाण्यात साबणाचं वजन करून ठेवलं आणि मग ते पाणी तुळशीला तरी कसं घालायचं म्हणून मोरीत ओतलं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, तो रविवार नव्हता. तिच्या प्रयोगशाळेत आता असंच कापड करून पाहत आहेत, अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी. तिला माझ्याकडून आकडे हवे होते. मी दिले. गादीचा ओलावा, किती धुण्यांनी गुण उतरला, दोन पदरांतून पाणी यायला लागणारा वेळ. ती भराभर टिपून घेत होती. मग म्हणाली, "पप्पा, एक राहिलं. मी गेल्यावर, आजोबा त्या कापडाबद्दल काय म्हणायचे?"

मी आठवून पाहिलं. वडिलांचं शेवटच्या महिन्यांतलं बोलणं मला बरंच आठवतं. ते शेतातल्या पऱ्हाटीबद्दल, कापसाच्या झाडांबद्दल, बोलत. यंदा बोंडअळी किती आहे हे विचारत. आत्याशी लहानपणच्या कुठल्या तरी बोरीवरून भांडत. नात येणार का, हे रोज विचारत. पण अंगाखालच्या कापडाबद्दल त्या पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर ते एक शब्द बोलले नव्हते.

"काही म्हणायचे नाहीत," मी तिला सांगितलं. "ते त्याबद्दल बोलायचंच विसरून गेले होते."

तिने तेही टिपून घेतलं. मागे यंत्रांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ठेवते म्हणेल.

"मग कशाबद्दल बोलायचे?" तिने विचारलं. "सांगा ना, पप्पा. मी इथेच आहे."

मी बाज अंगणात ओढली, तिच्यावर बसलो आणि बोरीच्या भांडणापासून सुरुवात केली.